दार असून खिडकीतून

त्या गल्लीत एके काळी अशी कुजबूज होती की शिलाईवाले मास्तर स्वतःचंच घर लुटतात. भर दुपारी बाजूच्या खिडकीतून एक पाय बाहेर येतो, मग गाठोडं, मग दुसरा पाय. मास्तर इकडे बघतात, तिकडे बघतात, सदरा झटकतात आणि जसं काही सभ्य माणसाने असंच घराबाहेर पडायचं असतं अशा थाटात चालू लागतात. परत येतात तेही खिडकीतूनच. दाराला हात म्हणून लावत नाहीत.

गाठोड्यात काय असतं यावर मात्र गल्लीचं एकमत नव्हतं. कुणी म्हणे, बायकोच्या मागे राहिलेले दागिने. लेकीला सुगावा लागू न देता कुठल्याशा बाईकडे पोचते होताहेत. कुणी म्हणे, बाईबिई काही नाही, म्हातारा थोडं थोडं घर रिकामं करतोय, एक दिवस पसार होणार. या सगळ्या बातम्यांचा उगम समोरच्या चष्मेवाल्याच्या दुकानात होता. हा गृहस्थ जगाला चष्मे विकायचा आणि स्वतः नुसत्या डोळ्यांनी दुसऱ्यांच्या खिडक्या वाचायचा. "मी ऐकीव बोलत नाही," तो गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम टेकवत सांगे, "पाहिलंय. आता हे वाचा बघू, खालची ओळ."

मास्तर तसे बोभाटा होण्यासारखे गृहस्थ नव्हतेच. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. भिंतीला लागून पायाने चालवायचं शिलाई मशीन, बाजूच्या खिडकीशी कापडं बेतायचं लांब टेबल, आणि खिडकीच्या कट्ट्यावर एका जुन्या स्पीकरमधून काढलेलं जाडजूड लोहचुंबक. टाचण्या सांडल्या की मास्तर ते जमिनीवरून फिरवत आणि टाचण्यांनी अंगभर काटे आलेलं ते चुंबक पुन्हा कट्ट्यावर ठेवून देत. गल्लीत कुणाचं पोट कधी सुटलं आणि कुणाच्या कंबरेचा घेर लग्नानंतर कुठल्या कुठे गेला, हे मास्तरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्याबाबतीत तोंड बंद. बंद म्हणजे खरोखरच बंद, कारण ओठांत कायम टाचण्या. निम्मं आयुष्य मास्तरांनी नुसत्या हुंकारांवर काढलं. बायको होती तोवर ती त्यांच्या हुंकारांचा अर्थ लोकांना सांगायची. ती गेली आणि अर्थ सांगणारं कुणी उरलं नाही.

एकुलती एक लेक दूरच्या शहरात मोठ्या कचेरीत होती. तिचा स्वभाव आईवर गेलेला, म्हणजे एकदा ठरवलं की ठरवलं. गल्लीच्या टोकाच्या घरी चोरी झाली, तीही घरातली माणसं परगावी असताना, आणि ती बातमी चष्मेवाल्याने तिला मीठमसाला लावून फोनवर पोचवली. दोनच दिवसांत मास्तरांच्या दारात अलार्मवाला हजर.

अलार्मवाला तरुण, चुणचुणीत, आणि बोलायला लागला की धापा न टाकता पळणारा. त्याने दाराच्या चौकटीला एक पांढरी डबी चिकटवली, खिडक्यांना तशाच डब्या चिकटवल्या, बाहेर दारावर भोंगा ठोकला आणि आत दाराशेजारी एक पॅनल बसवलं. पॅनलवर आकडे, दोन-तीन दिवे आणि तळहाताएवढा पडदा.

"साधं आहे काका," तो म्हणाला. "हे आर्म, हे डिसआर्म. बाहेर जाताना हे दाबा, घरात असताना हे. दार उघडलं की बीप सुरू होतात, तेवढ्यात कोड मारायचा. कोड ताईंनी दिलाय, त्यांची जन्मतारीख. बॅटरीचा बीप वेगळा, फॉल्टचा वेगळा, चाइमचा वेगळा. अडलंच तर पुस्तिका आहे. साधं आहे."

मास्तरांनी टाचण्यांमधून "हं" केलं. अलार्मवाल्याला वाटलं, कळलं. मास्तरांची बायको असती तर तिने सांगितलं असतं की हा तो "हं" नव्हे. हा "पुन्हा सांग, जरा हळू सांग" असा "हं" होता.

त्या संध्याकाळी पॅनलच्या पडद्यावर एक चित्र उमटलं. छोटंसं घर आणि घराच्या आत एक माणूस. यंत्र सांगतंय की घरात माणूस आहे! त्यांनी हातात गज घेतला. गज म्हणजे कापड मोजायची लाकडी पट्टी. पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, न्हाणीघराचं दार पायाने ढकलून पाहिलं. कुणी नाही. चित्रातला माणूस मात्र ढिम्म. शेवटी मास्तर कपाटाच्या आरशासमोर आले आणि तिथे त्यांना हातात गज घेतलेला एक भेदरलेला म्हातारा दिसला. तोच तो माणूस. "घरात असताना" हे बटण त्यांनीच मघाशी दाबलं होतं.

इथवर हसण्यावारी न्यायला हरकत नव्हती. पुढे मात्र हसू आटत गेलं.

यंत्राला बोलायची हौस होती, पण धड भाषा एकही नव्हती. दार उघडलं की दोनदा बोले. बटण दाबलं की एकदा बोले, त्यामुळे आपला बीप कुठला आणि त्याचा कुठला हेच समजेना. अधूनमधून, काही कारण नसताना, कुणी चिमटा काढावा तसा एकच "टिक्" करे आणि गप्प बसे. मास्तर सुईत दोरा घालत असले की हमखास. दोरा एका अंगाला, सुई दुसऱ्या. पडद्यावर कधी कुलूप येई, कधी उघडं कुलूप, कधी त्रिकोण आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. आता उद्गारचिन्ह म्हणजे काय? अरेरे की अरे वा? पुस्तिकेत पुष्कळ भाषा होत्या, मास्तरांच्या मनातली तेवढी नव्हती.

पहिल्यांदा भोंगा वाजला तो मास्तर काजं-बटणांचं सामान घेऊन परतले तेव्हा. किल्ली फिरवली, आत पाऊल टाकलं, पॅनल बीप करायला लागलं. मास्तरांनी लेकीच्या जन्मतारखेचे पहिले आकडे दाबले. बीप एकदम जलद झाले. मास्तरांचा हात मागे आला. चुकलं वाटतं, चिडलंय. त्यांनी पुसायचं बटण दाबलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ते आणखी चिडलं, आणखी भरभर ओरडायला लागलं. मास्तरांनी पुन्हा हात काढून घेतला. मग बाहेर भोंग्याने जो काही गळा काढला त्याने गल्लीतली कबुतरं उडाली आणि माणसं गोळा झाली.

फोन आलाच. लेकीच्या मोबाइलवर सगळं दिसायचं.

"बाबा! काय झालं?"

"काही नाही गं. मी आलो."

"मग कोड नाही का टाकलात? विसरलात?"

"विसरीन कसा? तुझी जन्मतारीख आहे."

"मग?"

"ते चिडलं. का चिडतं गं ते?"

"बाबा, ते यंत्र आहे, चिडत नाही. दार उघडलं, कोड टाकला, संपलं. साधं आहे."

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मास्तरांनी स्वतःहून फोन केला. हे त्यांच्या दृष्टीने फार होतं. उभ्या जन्मात त्यांनी एकाच माणसाकडे शिकवणी धरली होती, ती स्वतःच्या वडिलांकडे, आणि तिथेही प्रश्न विचारला की डोक्यात गज बसायचा. तरी त्यांनी विचारलं, "ते भरभर ओरडायला लागतं, त्याचा अर्थ काय?" पण लेक बैठकीत होती, तिच्या मागे माणसं बोलत होती, आणि ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, मागे सांगितलं ना? दार, कोड, संपलं. साधं आहे हो. ठेवते."

साधं आहे. मास्तरांना कॉलर बसवणंही साधंच होतं, पण तसं त्यांनी कुणाला तोंडावर सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा एका आजारी शेजाऱ्याच्या सुनेने खिडकीतून चार शब्द सुनावले, चष्मेवाला "मास्तर, चोराला तरी कळू द्या तुम्ही कधी घरी असता ते," असं सगळ्यांदेखत म्हणाला, आणि अलार्मवाल्याला येऊन सगळं पूर्ववत करावं लागलं. जाताना त्याने यंत्र "घरात" वर लावून ठेवलं. रात्री लेकीचा फोन आला तो शांत होता. शांत म्हणजे वाईट.

"बाबा, आता मी एकदाच सांगते. आणखी एकदा जरी गल्ली जमली ना, तर मी गाडी घेऊन येणार. मशीन बांधायचं, घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे राहायचं."

"तिथे मशीन कुठे ठेवणार?"

"बाल्कनीत जागा आहे. घरात ठेवलं तर खालच्यांना आवाज जातो. आणि आता शिवायची गरज काय तुम्हाला?"

मास्तर टाचणीशिवायच "हं" म्हणाले. या "हं" मागे काय होतं ते सांगायची गरज नाही. मशीन बाल्कनीत, म्हणजे पावसात आणि उन्हात. आणि स्वतः कुठे? सोफ्यावर, जावयाच्या शेजारी, दूरदर्शन संचासमोर. जावई सज्जन होता, पण त्याच्याशी बोलायचं तरी काय? तो तयार कपडे घेणारा माणूस.

तेव्हापासून मास्तरांनी पॅनलला हात लावायचा नाही असं ठरवलं. घरात म्हणजे घरात. पडद्यावर तो चित्रातला माणूस उभा आहे ना, राहू दे उभा. भीक नको पण कुत्रा आवर! पण नुसतं घरात बसून चालतं होय? दोरा संपला, गिऱ्हाइकाचा कोट तयार झाला, पोटाला भाजी हवी. दार उघडावं तर ते ओरडणार. मास्तर दारापाशी जात, लॅचला हात लावत, पॅनलकडे बघत आणि परत येत. पॅनल तेवढ्यात एक "टिक्" करी. मास्तर त्याला एक अस्सल शिवी देत, जी त्यांनी त्याआधी फक्त एका कंत्राटदाराला दिली होती.

खिडकीचं गुपित त्यांना अपघाताने कळलं. उकडत होतं म्हणून त्यांनी बेतायच्या टेबलाजवळची खिडकी विसरून उघडली, आणि मग आठवण होऊन कपाळावर हात मारून घेतला. झालं, गेलं घर! पण काहीच नाही. पॅनल गप्प. त्यांनी खिडकी लावली, पुन्हा उघडली. गप्प. दुसऱ्या खोलीतली खिडकी तर भोंग्याच्या धाकाने ते उघडतच नसत, आणि ही बया एवढी शहाणी! का ते त्यांनी विचारलं नाही. दैवाने खिडकी दिली की चौकशा करत बसायच्या नसतात. कट्टा बुटका होता आणि गुडघे अजून चांगले होते.

त्या दिवसापासून मास्तरांचं जाणं-येणं खिडकीतून सुरू झालं. हळूहळू दुकानही खिडकीवर आलं. गिऱ्हाईक दारावर थाप मारू लागलं की आतून आवाज येई, "इकडून या, बाजूने." मग माप गल्लीत उभं राहून. गिऱ्हाईक बाहेर, मास्तर आत, आणि टेप खिडकीतून कंबरेभोवती.

"मास्तर, दार का नाही उघडत?"

"हं."

"रुसलंय का दार?"

"हं. श्वास सोड. सोड म्हणतो तर! पोट आत घेऊन घेतलेलं माप तुझ्याच जिवावर उठेल."

मास्तरांची चिडचिड मात्र कमी झाली नाही, वाढली. ज्या घरात बायकोला लग्न करून आणलं, त्या घरात आपण कट्ट्यावर ढुंगण घासत शिरतो, हे त्यांना रोज नव्याने लागे. खिडकीतून उतरताना एकदा पँट चौकटीच्या खिळ्याला अडकून फाटली. मास्तरांनी ती शिवली, पण टाके वाकडे आले, इतका राग हातात होता. राग काढायला माणूस कुणी नव्हतं हीच पंचाईत. लेकीवर रागवावं तर ती काळजीपोटी करते. अलार्मवाल्यावर रागवावं तर तो हसून "साधं आहे" म्हणणार. मग राहिलं पॅनल. पॅनलशी मास्तर आता रोज भांडत. "बोल की! काय हवंय तुला? दुखतंय कुठे?" पॅनल म्हणे, टिक्.

तिकडे लेक खूश. एकही भोंगा नाही. "बाबा शिकले," ती जावयाला म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं, साधं आहे?" जावई म्हणाला, "शिकणारच. तुझे वडील आहेत." पण बायकांचं मन, त्यातून आईवर गेलेलं. एके दुपारी कचेरीत बसल्या बसल्या तिने मोबाइलवर सहज मागची नोंद चाळली आणि तिच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. दार उघडल्याची नोंदच नव्हती. आज नाही, काल नाही, परवा नाही. त्यामागेही नाही. यंत्र अखंड "घरात". घरात एक माणूस, आणि तो दार उघडत नाही.

तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मास्तर त्या वेळी बाजारात अस्तराचं कापड दोन बोटांत चुरगळून पाहत होते आणि फोन बेतायच्या टेबलावर कापडाच्या ढिगाखाली घुमत होता. लेकीच्या डोळ्यांसमोर नको नको ते उभं राहिलं. तिने चष्मेवाल्याला फोन केला. त्याच्याकडे घराची दुसरी किल्ली होती. ती तिनेच ठेवली होती.

"काका, धावत जा. बाबा पडले असतील. दार उघडा. लवकर!"

चष्मेवाला तसा मनाने वाईट नव्हता; खिडकीची गोष्ट त्याने गल्लीभर केली, पण लेकीच्या कानावर घातली नव्हती. त्याला फक्त दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते माहीत असावं लागे, आणि इथे तर आत जायचं आमंत्रणच होतं. तो गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम तशीच सोडून धावला. किल्ली फिरवली, दार उघडलं, "मास्तर! मास्तर!" करत आत घुसला. पॅनल बीप करू लागलं. त्याने फोनमध्ये ओरडून विचारलं, "हे काय वाजतंय?" ती ओरडली, "आधी बाबा कुठेत ते बघा!" बीप जलद झाले. चष्मेवाल्याने पॅनलवर जमेल ते बटण दाबलं, मग तळहाताने सगळीच दाबली. आणि भोंगा बोंबलला.

गल्ली जमली. पार टोकापासून माणसं आली. "मास्तर गेले" अशी बातमी मागच्या रांगेत पोचेतो तिला "कालच गेले" असं वळण लागलं होतं. एका बाईने डोळ्याला पदर लावला.

नेमके त्याच वेळी मास्तर अस्तराचं गाठोडं काखेला मारून वळणावर आले. आपल्या दारात गर्दी, वर भोंगा, हे पाहून ते जागीच थांबले. संपलं. लेक येणार, मशीन बाल्कनीत जाणार. पण सवय वाईट. आपण दारात जाऊन उभं राहावं हे त्यांना सुचलंच नाही. गर्दीच्या मागून ते बाजूला वळले, खिडकी ढकलली, गाठोडं आत टाकलं आणि मागोमाग एक पाय.

आत चष्मेवाल्याने पाहिलं की आधी एक गाठोडं येऊन पडलं, मग खिडकीतून एक पाय आला. भोंग्याच्या गोंधळात स्वतःच पसरवलेली गोष्ट विसरून त्याने टेबलावरचा गज उचलला आणि त्या पायाच्या नडगीवर सणकन हाणला.

"मेलो!" खिडकी ओरडली.

"चोर!" चष्मेवाला ओरडला. मग पायातली चप्पल त्याच्या ओळखीची निघाली. "अहो... मास्तर? तुम्ही जिवंत?"

"होतो!" मास्तर नडगी धरून म्हणाले. "आणि तुम्ही माझ्या घरात काय करताय?"

"तुम्हाला वाचवतोय!"

लेक संध्याकाळी पोचली. गाडी आणली होती, आणि डिकी रिकामी होती. मास्तरांनी ती रिकामी डिकी पाहिली आणि मग मशीनकडे पाहिलं. लेकीने आधी वडिलांच्या नडगीला मलम लावलं. मग मात्र फुटली.

"खिडकीतून? बाबा, या वयात? पडला असता म्हणजे?"

"पडलो नाही."

"मार खाल्लात ना?"

"तो खिडकीने नाही मारला."

"हसू नका. मी रस्ताभर रडत आलेय. उद्या अलार्मवाला येतोय. तो काढून नेईल सगळं, आणि तुम्ही माझ्याबरोबर येताय. आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं," मास्तर म्हणाले.

सकाळी अलार्मवाला आला. त्याने पडद्यावर काहीबाही दाबलं, खिडकीपाशी गेला, वाकून पाहिलं आणि हसायला लागला. खिडकीच्या चौकटीवरच्या पांढऱ्या डबीला चिकटून, कट्ट्यावर, टाचण्यांनी भरलेलं ते स्पीकरचं चुंबक बसलं होतं.

"खिडकी उघडली की झडपेवरचं छोटं चुंबक डबीपासून लांब जातं, त्यावरून हिला कळतं. तुम्ही हा एवढा धोंडा शेजारी ठेवलात. मग तिला वाटणारच, आपण बंदच आहोत. साधं आहे."

"अरे ए," मास्तर एकदम कडाडले. ओठांत टाचणी नव्हती. "पुन्हा साधं आहे म्हणालास तर तुझ्या पँटचे दोन्ही पाय एकत्र शिवीन. साधं आहे, साधं आहे! ते कधी दोनदा बोलतं, कधी एकदा, कधी मध्येच टिक् करतं. माणूस मरत असला तर तो असा टिक् टिक् करत नाही, सरळ ओरडतो. मी विचारतो ते भरभर का बोलतं, तर म्हणे साधं आहे. मला कळत नाही. झालं? नाही कळत. लिहून देऊ?"

अलार्मवाल्याने कानातला इअरफोन काढून खिशात घातला. लेक म्हणाली, "बाबा, मला दाखवा. तुम्ही कसे येता ते. दारातून."

"भोंगा वाजेल."

"वाजू दे. गल्लीने कालच सगळं ऐकलंय."

मास्तर बाहेर गेले. अलार्मवाल्याने यंत्र लावलं. मास्तर आत आले. बीप सुरू झाले. त्यांनी आकडे दाबायला घेतले, एक, दोन. बीप जलद झाले, आणि मास्तरांचे दोन्ही हात वर आले. लेक पॅनलकडे बघतच नव्हती. ती वडिलांच्या पायांकडे बघत होती. मास्तरांची उजवी टाच जमिनीवरून उचलली गेली होती आणि तशीच अधांतरी राहिली होती.

लहानपणी ती त्याच मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. वरून वडील तिला शिकवत: मशीनचा आवाज बदलला की पाय उचल, हात काढ, आधी थांब; नाही तर सुई बोटात जाईल. दोरा गुंतला, कापड दुमडलं, सुई वाकली की मशीन आधी आवाज बदलतं. उभा जन्म ज्याच्या दहाही बोटांवर एक डाग नाही, तो या एका सवयीमुळे.

भोंगा वाजला. अलार्मवाल्याने तो बंद केला.

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही पाय उचललात."

मास्तरांनी खाली पाहिलं. टाच अजून वरच होती.

"हे मशीन नाही हो. याचा आवाज वाढला म्हणजे चुकलं असं नाही. वेळ संपत आलीय, असं सांगतंय ते. थांबायचं नाही, उलट पुढचे आकडे भरभर मारायचे."

"म्हणजे उलटंच?"

"उलटंच."

"मग हे आधी सांगायचं!" मास्तर म्हणाले, आणि इतके चिडले की अलार्मवाला दोन पावलं मागे सरला. "एवढंच सांगायचं होतं! उलटं आहे म्हणून!"

त्यानंतर बरीच दुपार मास्तर दारातून बाहेर आणि दारातून आत करत राहिले. पहिल्या काही वेळा टाच उचललीच. शरीराला कुठे ठाऊक असतं आपण यंत्र बदललंय ते. भोंगा पुन्हा वाजला, पुन्हा वाजला, आणि शेवटी गल्लीत कुणी मान वर करून बघेना. मग एकदा मास्तरांनी दात-ओठ खाऊन, टाच जमिनीत रोवून, सगळे आकडे दाबले. बीप थांबले. पडद्यावर उघडं कुलूप आलं. मास्तर हसले नाहीत. "मेल्या," एवढंच पॅनलला म्हणाले. अलार्मवाल्याने तो मधूनमधून होणारा "टिक्" म्हणजे मागच्या खिडकीच्या डबीतली बॅटरी संपत आल्याची खूण, हेही सांगितलं आणि बॅटरी बदलून दिली. या खेपेला हळू सांगितलं, आणि सांगून झाल्यावर "कळलं का?" असं विचारून थांबला.

लेक पायरीवर बसली होती. मास्तर शेजारी बसले.

"मला विचारायचं होतंत ना, बाबा."

"विचारलं की. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा विचारायचं."

"तिसऱ्यांदा तू काय म्हणाली असतीस?"

तिला उत्तर ठाऊक होतं: तेच ते, साधं आहे. मग उठली आणि डिकी लावून टाकली. जाताना डिकी रिकामीच होती, फक्त तिचा एक कोट होता. त्याचं अस्तर मास्तरांनी तिला न विचारता आदल्या रात्री उसवून नवं घातलं होतं, आणि ते तिला घरी पोचल्यावर कळलं.

मास्तर त्याच घरात राहिले, दारातून ये-जा करत. गल्लीतली कुजबूज मात्र बरीच वर्षं टिकली. चष्मेवाल्याने ती जपली, बायका बदलल्या, दागिने वाढवले.

खरं एवढंच होतं: मास्तरांना पॅनलचे आवाज कळत नव्हते, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटत होती, आणि ती एक खिडकी ओरडत नव्हती. गाठोड्यात गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे असत.